सोबतीच्या माणसाची जागा आधी आखा

खेड्यातील प्रसूती केंद्राचे किंवा वृद्धांच्या निवासाचे काम प्रथमच हाती घेणाऱ्या तरुण वास्तुरचनाकारांना सातबारा, मोजणी आणि मातीची तपासणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून थेट पडवीविषयी, म्हणजे रुग्णासोबत आलेल्या माणसाच्या जागेविषयी लिहितो.

खेड्यातला रुग्ण एकटा येत नाही. बाळंतिणीबरोबर आई किंवा सासू असते आणि पुष्कळदा घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून आणलेले थोरले मूलही असते. नमुना नकाशात खाटांची मापे असतात, पण त्या सासूने रात्री पाठ कुठे टेकायची, हे नसते. मग ती रॅम्पच्या वळणावर गोधडी अंथरते, इमारतीमागे तीन दगडांवर पेज शिजते आणि नवा रंग दिलेली भिंत काजळून जाते. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असे आदिवासींनी सांगितले. शोधग्राम या 'सर्च'च्या परिसरातले रुग्णालय म्हणून झोपड्यांच्या वस्तीसारखे उभे राहिले.

खरा घात अंदाजपत्रकात होतो. रक्कम मर्यादेबाहेर गेली, की पहिली कात्री पडवीला लागते, कारण तिच्यात खाट नसते आणि यंत्रही नसते. माझ्या एका कामात २.४ मीटरची पडवी दीड मीटरवर आली, आणि ती सल अजून गेलेली नाही. हिशेब साधा आहे: चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर आणि भिंतीलगतच्या चटईला पाऊण मीटर, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत दोन्ही मावत नाहीत. तेव्हा प्रशासकीय मान्यतेच्या पहिल्याच नकाशात 'नातेवाईक निवास' असे नाव देऊन तिचे क्षेत्रफळ लिहा, तिचे खांब मुख्य सांगाड्यातच धरा आणि जोते एकच ठेवा. नाव आणि माप कागदावर असले, की तांत्रिक मान्यतेच्या वेळी ती गुपचूप वगळता येत नाही. रॅम्पचेही तसेच आहे: ४५० मिलिमीटरच्या जोत्याला १:१२ उताराने ५.४ मीटर लांबी लागते आणि सपाट टप्पे वेगळे.

दुसऱ्या जिल्ह्याचा तयार नकाशा उचलण्याचा मोह मला घातक वाटतो. कोकणातला आडवा पाऊस आणि विदर्भातले ऊन यांना एकच छज्जा पुरत नाही. मार्गदर्शकही असा शोधा, जो बांधकाम संपल्यावर पावसाळ्यात गळती पाहायला स्वतः जातो. गावातला जुना गवंडी या बाबतीत अनेकदा मोठ्या नावांपेक्षा उपयोगी पडतो.

घाबरून जाऊ नका. ग्रामसभेत बायकांपुढे जमिनीवर फक्कीने खोली आखून दाखवली, की कागदावर न उमगलेल्या अडचणी त्या लगेच बोलून दाखवतात. चुलीसाठी वेगळे छप्पर, शेजारी नळ आणि भांडी घासायचा उताराचा ओटा, एवढे त्याच दिवशी ठरवून नकाशात घ्या.