हिरड्यांतून रक्त येत असेल तर: खरी मेहनत दातांच्या फटींत आहे

ब्रश करताना रक्त दिसलं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "तिथं ब्रश लावू नकोस." दुसरा, "मिश्री लाव, हिरड्या घट्ट होतात." दोन्ही ऐकू नका. रक्त येतं कारण तिथं जंतूंचा थर साचून हिरडी सुजलेली असते; ती जागा घासायची सोडली की सूज आणखी वाढते. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो हिरडीवर चोळल्याने हिरडी झिजते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांना तर रक्त कमी येतं, म्हणून आजार आत दडून राहतो. रक्त नाही म्हणजे हिरड्या ठणठणीत, असं त्यांनी धरून चालू नये.

दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो काढला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होतो, त्यालाच आपण किटण म्हणतो, आणि ते ब्रशने निघत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हिरड्यांचे संशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. दुर्लक्ष केलं तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये पॉकेट तयार होतं आणि आतलं हाड झिजतं. जुनी माणसं याला पायोरिया म्हणायची. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेह ताब्यात नसेल तर हे फार वेगाने होतं. उलट हिरड्या सुजलेल्या असतील तर साखरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं. बीपीसाठी ॲम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तपासणीत एकच आग्रह धरा: मोजमाप. खुणा असलेल्या बारीक सळईने (प्रोबने) हिरडी आणि दात यांच्या मधली खोली प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर लक्ष हवं. हाड किती उरलंय ते एक्स-रेमध्ये दिसतं. नुसतं आरशात बघून "थोडं किटण आहे" म्हटलं, तर आकडे लिहून मागा. खर्चाची चिंता असेल तर पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला किंवा वडगावचं सिंहगड, या डेंटल कॉलेजांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. वेळ जास्त जातो, तो काढून जा.

स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून किटण काढणं, करून घ्या. त्याने दात हलत नाहीत. किटणाने भरलेल्या फटी मोकळ्या होतात आणि सूज उतरते, म्हणून तसं वाटतं. पॉकेट खोल असेल तर भूल देऊन मुळांची सफाई करतात, दोनेक महिन्यांनी पुन्हा मोजतात, आणि तरीही खोली उरली तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उचलून आतली सफाई.

इथपर्यंतचं काम डॉक्टरांचं. पुढचं रोज रात्री तुमचं, आणि बहुतेकांचा आजार परत येतो तो इथेच. ब्रश कितीही चांगला असला तरी दोन दातांच्या मधे पोचत नाही. तिथं इंटरडेंटल ब्रश लागतो, तारेवर केस असलेला छोटासा. तो मागच्या दाढांत नीट घालायला शिकण्यात माझे महिने गेले, कारण कुणी धड दाखवलंच नाही.

पहिली गोष्ट माप. एका मापाचं पाकीट आणून सगळ्या फटींत कोंबू नका. ब्रश किंचित अडत आत गेला पाहिजे, केस दोन्ही दातांना लागले पाहिजेत, आणि तार दाताला खरवडता कामा नये. बहुतेकांना निदान दोन मापं लागतात. कोणत्या फटीला कोणतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्केलिंगनंतर सूज उतरली की फटी मोठ्या होतात, तेव्हा माप पुन्हा ठरवा. समोरच्या दातांत सगळ्यात लहान ब्रशही जात नसेल तर तिथं फ्लॉस वापरा: दोरा खटकन खाली ओढू नका, दाताला वळसा घालून हिरडीच्या किंचित आत न्या.

दुसरी, मागच्या दाढा. सगळे तोंड मोठं उघडतात. त्याने गाल ताणला जातो आणि हात आत जात नाही. तोंड अर्धं मिटा. गाल सैल पडतो, ब्रश सहज आडवा जातो. तारेला मुळाशी हलका बाक द्या. खालच्या दातांत टोक जरा वर, वरच्यांत जरा खाली ठेवा, म्हणजे हिरडीत टोचत नाही. मग नुसतं आत-बाहेर, चार-पाच वेळा. आत असताना पिरगाळू नका, तार तुटते. पेस्ट लागत नाही. आईच्या दाढा मी तिला खुर्चीत बसवून मागे उभी राहून साफ करते. समोरून कोन जमतच नाही.

पहिले काही दिवस रक्त येईल. थांबू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण बहुतेक जण नेमकं इथे सोडतात. सेफ्टी पिन, काडी, टूथपिक यांना हात लावू नका. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवसच; दातांवर डाग पडतात, चव बिघडते, आणि किटण त्याने जात नाही. मिठाच्या पाण्याने चूळ भरायला हरकत नाही, आराम पडतो इतकंच.

फटी साफ झाल्या की मऊ ब्रश हिरडीकडे तिरपा धरून दोन मिनिटं दात घासा.

दोन आठवड्यांनीही एखाद्याच फटीतून रक्त येत असेल तर ती फट लक्षात ठेवून डॉक्टरांना दाखवा, तिथं किटण राहिलेलं असू शकतं. पू, चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा. मुळांची सफाई झालेल्यांनी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासून घ्यावं, आणि जाताना रोजचे इंटरडेंटल ब्रश सोबत न्यावेत, म्हणजे मापं तिथंच तपासून होतात.