पात्यावरचं नाव आणि पात्यातलं पाणी

माझा पहिला चिनी घडीचा चाकू दिसायला देखणा होता. पात्यावर नुसतं '४४०' कोरलेलं. दिवसभर पार्सलची खोकी फोडायचं माझं काम. दुपारपर्यंत तो पुठ्ठा कापायचं सोडून फाडायला लागायचा. पुढे कळलं, '४४०' हे पोलादाच्या एका गटाचं नाव, आणि नुसतं तेवढंच लिहिणं म्हणजे काहीच न सांगणं. ४४०एमध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, तर ४४०सीमध्ये ०.९५ ते १.२०. ज्याच्याकडे 'सी' असतं तो 'सी' लिहायला विसरत नाही. 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलं असेल तर मी पुढे वाचतही नाही.

चिनी पोलादाचं नाव मात्र वाचायला सोपं असतं. ८सीआर१३एमओव्ही घ्या. 'सीआर'च्या आधीचा आकडा कार्बनचा, ८ म्हणजे साधारण ०.८ टक्के. नंतरचा क्रोमियमचा, १३ टक्के. शेवटी मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम, चिमूटभर. कार्बनने पातं कडक होतं, क्रोमियम गंज अडवतं. या हिशेबाने ३सीआर१३ रोजच्या कापाकापीला मऊच पडणार. ८सीआर१३एमओव्ही हे जपानी एयूएस-८च्या जवळचं, स्वस्तातलं भरवशाचं पोलाद. अमेरिकेच्या स्पायडर्को कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेल्या 'टेनेशस' चाकूला हेच वापरलं. ९सीआर१८एमओव्ही ४४०सीच्या पंगतीतलं.

१४सी२८एनला हा हिशेब लावू नका. ते मूळचं स्वीडनचं, सँडविक कंपनीचं. कार्बन जेमतेम ०.६२ टक्के, पण कण बारीक, दगडावर पटकन धार घेतं आणि गंजायचं नावच काढत नाही. माझा कल त्याच्याकडे. डी२ नावाचं पोलाद धार जास्त दिवस धरतं. त्यात क्रोमियम १२ टक्के असलं तरी बरंचसं कार्बनशी बांधलेलं असतं, त्यामुळे गंजापासून पुरतं संरक्षण मिळत नाही. माझा डी२ मी एकदा ओलाच मिटून खिशात टाकला, दुसऱ्या दिवशी पात्यावर तपकिरी ठिपके.

एवढं वाचता आलं तरी अर्धंच कळलं. लोहार ज्याला 'पाणी देणं' म्हणतात, म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन थंड करायचं आणि मग थोडं परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, ते पात्यावर कोरता येत नाही. नीट पाणी दिलेलं ८सीआर१३एमओव्ही कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५७ ते ५९च्या आसपास भरतं. पाणी चुकलं तर नाव तेच राहतं, धार मात्र टिकत नाही. म्हणून मी पोलादाइतकंच कारखान्याचं नाव बघतो. ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग हे चाकू-कात्र्यांचं शहर; सानरेनमू, क्यूएसपी, सिव्हिवी हे ब्रँड तिथले. रुइके हा ब्रँड टॉर्च बनवणाऱ्या फेनिक्स कंपनीचा. भारी पोलाद लिहिलंय पण बनवणाऱ्याचं नावच नाही, असा चाकू मी घेत नाही.

आता हातात आल्यावरची पारख. चुंबकाचा उपयोग नाही, चाकूचं साधं पोलाद चांगलं असो की वाईट, चिकटतंच. कानस घासून बघणारेही भेटतात. पात्यावर ओरखडा उठतो आणि रॉकवेल ५६ व ५९ मधला फरक काही कळत नाही.

सगळ्यात आधी स्वतः धार लावा. कारखान्यात पट्ट्यावर घासताना धारेची पातळ कड कधीकधी तापून मऊ होते. ती दोन-तीन वेळा दगडावर उतरल्याशिवाय चाकूला नावं ठेवू नयेत. मीही आधी ठेवलीच होती. धार लावताना पलीकडे वळणारी कड, कारागीर जिला 'बर' म्हणतात, ती बघा. मऊ पात्याची बर सुटता सुटत नाही, इकडून तिकडे नुसती लोळते. चांगल्या पात्याची दोन हलक्या हातांत निघते.

मग एक पितळी सळई आडवी धरा. तिच्यावर पातं जवळजवळ सपाट टेकवून धार हलकीच दाबा, दिव्याखाली बघा. कड किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ. खांडी पडल्या तर ठिसूळ.

शेवटी पुठ्ठा. दोन चाकू एकाच दगडावर, एकाच कोनात पाजवा, नाहीतर तुलना पोलादाची न होता कोनाची होते. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांना आडवे काप मोजत जा आणि मधूनमधून पातळ कागद कापून बघा. कागद अडकला की थांबा, आकडा लिहून ठेवा. हे करताना धारेमागची जाडीही लक्षात येते. तिथे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा फार जाड पातं कितीही उत्तम पोलादाचं असलं तरी पाचरीसारखं रुततं.

लॉक मात्र विसरू नका. पातं उघडून पाठीवर तळव्याने दाबा, बोटं मिटण्याच्या वाटेपासून लांब ठेवून. जरा जरी सरकलं तरी तो चाकू परत करा, पोलाद कुठलंही असो.

तो पहिला '४४०' अजून माझ्याकडे आहे. खोक्यांवरच्या चिकटपट्टीचा गोंद खरवडायला बोथटच बरा पडतो.