खानदेशातील वाटांसाठी पिकअपच्या टायरचा आकार आणि गाडीची उंची कशी ठरवावी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पावसाळ्यात पिकअप अडकते ती बहुतेक वेळा पोटाने अडकते. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी गाडवाटेत दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यांच्यामधला उंचवटा तसाच उभा राहतो, आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावर असलेली, इंजिनाची ओढ दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियलची गोल पेटी त्या उंचवट्यावर टेकते. चाके चिखलात फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. असा प्रसंग एकदा अनुभवला की मालक गॅरेजात जाऊन गाडी उंच करून मागतो, तीन-चार इंच उंच करून घेतो, आणि पुढच्या पावसात गाडी त्याच उंचवट्यावर पुन्हा टेकते.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. स्प्रिंग किंवा पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) उंची वाढवली की चेसिस, केबिन आणि मागचा हौदा वर जातात. परंतु मागचा ॲक्सल पाट्यांच्या खाली, थेट चाकांवर उभा असतो, त्यामुळे तो होता तिथेच राहतो. मागच्या डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या व्यासाने वाढते, आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्म्यानेच. म्हणून आधी टायर ठरवावा आणि त्या टायरला जेवढी जागा लागेल तेवढीच उंची वाढवावी. हा क्रम उलटा केल्यामुळे वाया गेलेले पैसे मी स्वतःही मोजले आहेत. माझ्या पहिल्या पिकअपला टायर तेच ठेवून पुढे-मागे सुमारे १०० मिलिमीटर उंची वाढवून घेतली होती. एका हंगामातच पुढच्या दोन्ही ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलकडून चाके फिरवणाऱ्या दांड्यांचे, रबरी बूट फाटले, ग्रीस बाहेर पडले आणि सांधे वाजू लागले.

प्रत्यक्ष सुरुवात टेपने करावी. गाडीत नेहमीएवढा माल भरून, हवा ठरलेल्या दाबावर आणून, सपाट फरशीवर मागच्या डिफरन्शियलच्या सर्वांत खालच्या बिंदूखालील अंतर मोजावे. मग नेहमीच्या वाटेवरील सर्वांत वाईट जागी जाऊन दोन्ही चाकोऱ्यांचे तळ आणि मधल्या उंचवट्याचा माथा यांच्यातील अंतर मोजावे. उंचवट्याच्या माथ्यावर सरळ काठी आडवी धरून तिच्यापासून चाकोरीच्या तळापर्यंत टेप सोडला की हा आकडा मिळतो. चाके चिखलात आणखी रुततात, म्हणून त्यात किमान ५० मिलिमीटर मिळवावेत आणि ती बेरीज डिफरन्शियलखालच्या अंतराशी ताडून पाहावी. नाल्याच्या उतारावर पुढचा बंपर आधी टेकतो की मागचा हौदा, हेही पाहून ठेवावे, कारण ती अडचण वेगळी आहे आणि तिच्यावर मात्र उंची वाढवण्याचा खरोखर उपयोग होतो.

टायरवरील आकडे वाचणे अवघड नाही. २४५/७० आर १६ याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि रिमचा व्यास १६ इंच. भिंतीची उंची दोनदा घेऊन त्यात रिमचा व्यास मिळवला की पूर्ण व्यास मिळतो: ३४३ अधिक ४०६, म्हणजे सुमारे ७४९ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७० आर १६ घेतला तर व्यास ७७७ मिलिमीटर होतो आणि डिफरन्शियल १४ मिलिमीटर वर जाते. २६५/७५ आर १६ घेतला तर व्यास ८०४ मिलिमीटर होतो आणि डिफरन्शियल साधारण २७ मिलिमीटर वर जाते. एवढ्या खर्चाने जेमतेम एक इंच मिळतो हे ऐकून अनेकांची निराशा होते. पण चाकोरीत अडकलेल्या गाडीला तो एक इंच पुष्कळदा पुरतो.

त्या इंचाची किंमतही आकड्यांतच समजून घ्यावी. ७४९ वरून ८०४ वर जाणे म्हणजे चाकाचा घेर सव्वासात टक्क्यांनी वाढणे. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ८६ च्या वेगाने धावत असते, आणि किलोमीटरही तेवढेच कमी नोंदले जात असल्यामुळे मायलेजचा हिशेब चुकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिनाची जी ओढ जमिनीपर्यंत पोहोचते ती त्याच प्रमाणात घटते, आणि ब्रेकचेही तसेच होते. भुसावळ ते धुळे या सपाट महामार्गावर हा फरक जाणवणार नाही. परंतु माल भरून तोरणमाळचा घाट चढताना पहिला गियर अपुरा वाटू लागतो आणि उतरताना ब्रेक अधिक तापतात. म्हणून जो रोज भार वाहतो त्याने मूळ टायरपेक्षा एका मापाच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुंदीचा निर्णय मातीवरून घ्यावा, आणि खानदेशात माती वीस-तीस किलोमीटरवर बदलते. चोपडा, यावल, रावेर आणि अमळनेरच्या तापीकाठच्या पट्ट्यात गाळाची काळी माती अतिशय खोल आहे. अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला धरतो, हा नियम जिथे खाली टणक थर हाताशी असतो तिथेच लागू पडतो. तापीकाठी मात्र अरुंद टायर रुतत जातो आणि त्याला धरायला काही मिळत नाही. तिथे थोडा रुंद टायर, कमी हवा आणि खाचा मोकळ्या असलेली नक्षी अधिक उपयोगी ठरते, कारण ओली काळी माती खाचांत घट्ट बसली की उत्तम टायरही गुळगुळीत रूळ होऊन जातो. याउलट सातपुड्याच्या पायथ्याशी, धडगाव-अक्कलकुव्याकडे किंवा साक्रीच्या पश्चिमेला मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असून खाली मुरूम किंवा खडक लागतो. तिथे २४५/७५ आर १६ सारखा अरुंद पण उंच टायर चांगला. तो व्यासाने ७७४ मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळपास २६५/७० एवढीच उंची देतो, आणि मडगार्डला घासण्याची शक्यता कमी राहते. तापी किंवा गिरणेच्या कोरड्या पात्रातील वाळूत रुंदीपेक्षा हवेचा परिणाम मोठा असतो. रिकाम्या गाडीची हवा १८ ते २० पौंडांपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीवरील ठसा लांबतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते; मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे, त्यासाठी बारा व्होल्टचा पंप गाडीतच ठेवावा.

डांबरावरील धाव निम्म्याहून अधिक असेल तर ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची, नक्षी घ्यावी. मड टेरेन टायर चिखलात निःसंशय सरस आहेत, पण ते लवकर झिजतात, आवाज करतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते. सातपुड्यातील काळ्या दगडाच्या धारदार कडा टायरला बाजूने कापतात, आणि बाजूची चीर पंक्चरसारखी काढता येत नाही. म्हणून त्या भागात फिरणाऱ्याने भिंत जाड असलेला, एलटी (लाइट ट्रक) खुणेचा टायर निवडावा. देखणी म्हणून अठरा इंची रिम बसवू नये. बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम वाढवली की मधली रबरी भिंत कमी होते आणि हवा उतरवण्यास वाव राहत नाही.

टायरवरचा भारांक मूळ टायरच्या भारांकापेक्षा कमी नसावा. १०९ म्हणजे एका टायरवर १०३० किलो आणि ११२ म्हणजे ११२० किलो. २६५ रुंदीला किमान सात इंच रुंद रिम लागते, ती आपल्याकडे आहे का हे आधी पाहावे. निर्मितीचा चार अंकी आकडाही वाचावा: २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्यापुढेही जातो. अशा उष्णतेत दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर नव्या किमतीत घेण्यात अर्थ नाही. त्याच उष्णतेमुळे हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना तपासावी; दुपारी तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढून टाकू नये.

आता उंची. निवडलेल्या मापाचे एक चाक कोणाकडून तात्पुरते मिळाले तर पुढे बसवून पाहावे. दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली नको, त्याच चाकाखाली सुमारे २०० मिलिमीटर उंच भक्कम ठोकळा ठेवून स्प्रिंग दाबली जाईल असे करावे आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. टायर मडगार्डच्या अस्तराला, चेसिसला किंवा सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला कुठे घासतो ते खडूने खूण करून पाहावे. एका मापाने मोठा टायर अनेक गाड्यांत काहीही न उचलता बसतो, आणि तसा बसला तर उंचीच्या खर्चाची गरजच उरत नाही.

उंची लागलीच, तर ४० ते ५० मिलिमीटर ही मर्यादा मानावी. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे डिफरन्शियल चेसिसला जोडलेले असते, त्यामुळे ते वर जाते आणि चाके खालीच राहतात. या फरकाचा ताण ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर येतो. मागे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला की त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात. पाट्यांचे टोक चेसिसला जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, लांब बसवणे हा स्वस्त उपाय आहे, पण शॅकल ५० मिलिमीटरने लांबवला तर उंची सुमारे २५ मिलिमीटरच वाढते. रोज भार असेल तर एक पाटा वाढवणे योग्य. रिकामी फिरणारी गाडी मात्र त्याने कडक होऊन उड्या मारते. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये. उंच गाडी आडव्या उतारावर आणि वळणावर लवकर कलते, आणि हौद्यात केळीचे घड थरांवर थर रचलेले असताना हा धोका दुपटीने जाणवतो.

एक गोष्ट गॅरेजात सहसा कोणी बोलत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो एका दांड्याने ॲक्सलला जोडलेला असतो. हौदा वर गेला की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी असल्यासारखा वागतो आणि मागचा ब्रेक कमी देतो. उंची वाढवल्यावर तो दांडा नव्याने जुळवून घेण्याचा आग्रह धरावा. ब्रेकचे रबरी पाइप चाक पूर्ण खाली लोंबले तरी ताणले जात नाहीत, याचीही खात्री करावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. म्हणून खर्च करण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवण्याचे कारण ठरू शकतो. निर्मात्याने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेले टायरचे माप घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, हेडलाइट खाली वळवावेत आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट पुन्हा आवळावेत. टायर नेहमी पाच घ्यावेत. फोर व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचे असेल तर पुढच्या-मागच्या ॲक्सलना ओढ वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो, त्यामुळे जुन्या मापाची स्टेपनी ऐनवेळी उपयोगाची नाही. आणि हौद्याखाली टांगलेली मोठी स्टेपनी नाल्यातून वर चढताना मागे टेकते का, हे पहिल्याच दिवशी रिकाम्या गाडीने नाला ओलांडून पाहावे.