बॅरलची उभी पवनचक्की: पत्रा जाड करू नका, शाफ्ट सांभाळा

घरी बनवलेली उभ्या आसाची पवनचक्की वळवाच्या वाऱ्यात मोडली की लोक पुढच्या वेळी जाड पत्रा घेतात. त्याने फक्त वजन वाढतं. आधी वाकतो शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, मग बेअरिंग खडखडतं, बोल्ट ढिले पडतात आणि पत्रा सगळ्यांत शेवटी फाटतो. म्हणून मजबुतीचा पैसा शाफ्टवर घाला.

एका २०० लिटरच्या बॅरलपासून साधारण ०.९ चौरस मीटरचा सॅव्होनियस रोटर, म्हणजे अर्धगोल पात्यांचा फिरणारा भाग, तयार होतो. ताशी १४ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यातून ५ वॉटच्या आसपास मिळतात, वारा दुप्पट झाला की ४० च्या आसपास. गोठ्यातले दोन-तीन एलईडी दिवे आणि मोबाईल, एवढंच त्याचं काम. जुलैत सूर्य दिसत नाही आणि पश्चिमेचा वारा थांबत नाही, तेव्हा मात्र सोलर पॅनलच्या जोडीला ही चक्की खरंच उपयोगी पडते.

बॅरल तेलाचं किंवा केमिकलचं असेल तर धुऊन, पाण्याने भरून काढल्याशिवाय ग्राइंडर लावू नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. आधी आडवं कापून दोन तुकडे करा, मग प्रत्येक तुकडा उभा चिरा. चार अर्धगोल पाती मिळतील. त्यांच्या दोन जोड्या एकावर एक, ९० अंशांच्या फरकाने बसवायच्या. जोडीतली पाती मध्यभागी ८-९ सेंटीमीटर एकमेकांवर यायला हवीत. शाफ्ट त्याच फटीतून जातो. वर, मध्ये आणि खाली १२ मिलिमीटर मरीन प्लायच्या चकत्या. कापलेला काठ ६ मिलिमीटरच्या सळीवर घमेल्यासारखा वळवून घ्या, म्हणजे पातळ पत्राही थरथरत नाही.

आता शाफ्ट. मला सगळ्यांत जास्त दमवलं ते याच टप्प्याने. ३० मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची सळई) घ्या आणि उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही लेथवर डायल (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) लावून सरळ आहे का ते बघून घ्या. त्यानंतर त्याला वेल्डिंगचा थेंबही लागू देऊ नका. फॅब्रिकेटर हमखास म्हणेल, “चार टाके मारतो की, काय होत नाही.” होतं. टाका थंड होताना आकसतो आणि शाफ्टला आपल्या बाजूला ओढतो. डोळ्याला ते वाकणं दिसत नाही, बेअरिंगला मात्र प्रत्येक फेरीत जाणवतं. लेथवर तीन फ्लँज (बोल्टची भोकं असलेल्या लोखंडी चकत्या) काढून घ्या, ते चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने, शाफ्टवर बसवा आणि प्लायच्या चकत्या त्यांना बोल्टने जोडा. नट नायलॉकच हवेत, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे.

दुसरी गोष्ट, शाफ्ट दोन्ही टोकांना धरलेला हवा. फक्त खाली बेअरिंग आणि वर रोटर मोकळा, असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते बघू नका. वारा पाचपट झाला की दाब पंचवीसपट होतो. झुळकेत या रोटरवर दीड किलोचा जोर असतो, वादळात तोच ४० किलोवर जातो, आणि वरचं टोक मोकळं असेल तर तो सगळा तळाच्या बेअरिंगवर तरफेसारखा येतो. ४० मिलिमीटर चौकोनी पाइपची चौकट करा. खाली वजन पेलणारं टेपर रोलर बेअरिंग बसवा आणि वर यूसीएफ २०६, म्हणजे ३० मिलिमीटरच्या शाफ्टचं, चार बोल्टने बसणारं बेअरिंग. हे वरचं बेअरिंग थोडा तिरकेपणा सांभाळून घेतं.

मग तोल. एका बाजूला २०० ग्रॅम जास्त असले तर काय बिघडतं? अर्ध्या मीटरच्या अंतरावर, मिनिटाला ३०० फेऱ्यांना, ते २०० ग्रॅम १० किलोचा हिसका देतात, तोही सेकंदाला पाच वेळा. बोल्ट यानेच सुटतात. चारही पाती काट्यावर तोलून सारख्या वजनाच्या जोड्या लावा. लेव्हलमध्ये ठेवलेल्या दोन अँगलच्या कडांवर शाफ्ट आडवा टाका. बेअरिंगमध्ये ठेवून तोल बघू नका, ग्रीसच्या अडणीत थोडा फरक लपतो. वाऱ्याने रोटर हलू नये म्हणून शटर खाली, पंखा बंद. रोटर जिथे थांबेल तिथे वरच्या बाजूला खडूची खूण करा. ती हलकी बाजू. तिथे ओली माती चिकटवत जा. रोटर कुठेही सोडला तरी तिथेच राहिला की माती काढून तोला आणि तेवढ्या वजनाचे वॉशर त्याच जागी बोल्टने कसा. हे दोन्ही जोड्यांचं वेगवेगळं करायचं. वरची जोडी डावीकडे जड आणि खालची उजवीकडे जड असेल तर आडव्या शाफ्टवर सगळं ठीक दिसतं, आणि फिरायला लागल्यावर चौकट डुलते.

बाकी सोपं आहे. खांब बांधावर रोवा, उभ्या उसाच्या बऱ्याच वर. स्लॅबवर नको, घरभर घरघर ऐकू येते. चारी बाजूंनी तारेचे ताण द्या. गाडीचा अल्टरनेटर या वेगाला काहीच देत नाही. १०० फेऱ्यांना १४ व्होल्ट देणारा कायम चुंबकाचा जनरेटर मागा. कंट्रोलर पवनचक्कीचाच घ्या. सोलरचा कंट्रोलर बॅटरी भरली की जोडणी तोडतो, मग मोकळा रोटर सुसाट सुटतो आणि व्होल्टेज चढतं.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा. आभाळ भरून आलं की जनरेटरच्या तिन्ही तारा स्विचने एकत्र जोडा, रोटर जड होऊन थांबतो. हे वारा सुटायच्या आधी करायचं, आणि शिवाय दोरीने रोटर चौकटीला बांधायचा. वादळ सुरू झाल्यावर फिरत्या रोटरजवळ हात नेऊ नका.