पेढीतील संगणकांचे अपडेट: महिन्याच्या तारखा पाहून कसे करावे

इंदूरच्या सियागंजात किंवा राजवाड्याच्या आसपास ज्यांची पेढी आहे, त्यांच्याकडील संगणकांवर अपडेट महिनोन्महिने तुंबून राहतात, कारण ऐन गिऱ्हाइकीत संगणक रिस्टार्ट होऊन बिलिंग थांबेल अशी भीती असते. ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहे: अपडेटचा दिवस आपण ठरवावा, तो संगणकावर सोडू नये.

मायक्रोसॉफ्ट आपले मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, त्यामुळे ते बुधवारी हाती येतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो आणि मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची (विक्रीच्या जीएसटी विवरणाची) मुदतही ११ तारखेचीच असते, म्हणून दोन्ही कामे एकमेकांच्या आड येतात. यासाठी बुधवारी, एक दिवस बंद राहिला तरी चालेल अशा एकाच संगणकावर अपडेट करावे आणि त्यावरून बिल छापले जाते का, दुसऱ्या संगणकावरील टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा उघडतो का, डिजिटल सही चालते का, हे दोन-तीन दिवस पाहावे. सर्व ठीक असल्यास, विवरण भरून झाल्यावर, साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी उरलेले संगणक हाती घ्यावेत.

दिवाळीच्या गर्दीत विंडोजच्या सेटिंगमधून अपडेट थांबवता येतात, पण ही सवलत जास्तीत जास्त ५ आठवड्यांची असते आणि तीही सर्रास वापरू नये. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. तो ज्या त्रुटीतून शिरला, तिची दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झाली होती. दोन महिन्यांची दिरंगाई किती महाग पडते, हे त्यावरून कळते.

अपडेटपूर्वी टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा, कारण जोडलेला राहिलेला ड्राइव्हही अशा हल्ल्यात सापडतो. पावसाळ्यात यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते की नाही, हे आधी तपासावे. अपडेट अर्धवट असताना वीज गेल्यास संगणक पुन्हा सुरू होईलच, याची खात्री नसते. बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांब क्रमांक, कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, कारण काही वेळा अपडेटनंतर संगणक तीच मागतो.

विंडोज १०ला अपडेट मिळण्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर व्यवसायांना शुल्क भरून २०२८ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण ज्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आहे आणि ज्याचा प्रोसेसरही नव्या विंडोजला चालतो, तो विंडोज ११वर नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. विंडोज ७चा एखादा जुना संगणक केवळ वजनकाट्यासाठी किंवा प्रिंटरसाठी ठेवला असेल, तर त्याचे इंटरनेट तोडावे.

ब्राउझर स्वतःहून अपडेट होतो, मात्र तो बंद करून पुन्हा उघडेपर्यंत नवी आवृत्ती लागू होत नाही. राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) मात्र बहुधा कुणी पाहतच नाही. तेही वर्षातून दोनदा तपासावे आणि कोणत्या तारखेला काय केले, याची नोंद रोजमेळाशेजारच्या वहीत एकाच जबाबदार माणसाने करावी.