लाकूड आणि धातूकामासाठी घरगुती सीएनसी यंत्राचा आराखडा

घरी सीएनसी यंत्र (संगणकाच्या सूचनांनी कटर चालवणारे यंत्र) बांधायचे ठरले की पहिली खरेदी बहुधा मोटर आणि कंट्रोलरची होते आणि सांगाडा हाताशी असेल त्या साहित्यातून उभा केला जातो. हे आधी कळस मग पाया असे झाले. कटरच्या टोकाशी निर्माण होणारा जोर शेवटी सांगाड्यालाच पेलायचा असतो, म्हणून आराखडा कटरच्या टोकापासून सुरू करून पायापर्यंत मागे न्यावा आणि तो कागदावर पूर्ण होईपर्यंत एकही भाग विकत घेऊ नये.

सर्वप्रथम ‘धातू’ म्हणजे नेमका कोणता धातू, हे ठरवावे. ६ मिमी व्यासाचा दोन दातांचा कटर लाकडात मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फिरवला आणि प्रत्येक दाताने ०.१ मिमी जाडीचा छिलका काढावा अशी अपेक्षा धरली, तर यंत्राला मिनिटाला ३,६०० मिमी वेगाने पुढे सरकावे लागते. त्याच व्यासाचा चार दातांचा कार्बाइड कटर पोलादात चालवायचा झाल्यास, कडेचा वेग मिनिटाला ८० मीटर धरून, फेऱ्या सुमारे ४,२५० वर येतात आणि दाताला ०.०२ मिमी या हिशेबाने सरकण्याचा वेग जेमतेम ३४० मिमी उरतो. २४,००० फेऱ्यांसाठी बनवलेला २.२ किलोवॉटचा स्पिंडल (कटर धरून फिरवणारी मोटर) इतक्या कमी फेऱ्यांवर ०.४ किलोवॉटही देत नाही, कारण त्याचा पीळ (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क) जवळपास तेवढाच राहतो आणि फेऱ्या घटल्या की शक्तीही त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे एकाच यंत्राने सगळे करायचे म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवणे होय. माझ्या मते घरगुती यंत्र लाकूड, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांच्यासाठीच आखावे. पोलादात अधूनमधून उथळ खाच पाडता आली तर ठीक, परंतु रोजचे काम पोलादाचे असेल तर त्यासाठी जड मिलिंग मशीनच हवे.

यानंतर आकार ठरवावा. पूर्ण प्लायवुडचे तक्ते कापायचे असतील तर सरकती गँट्री (टेबलावर आडवी असलेली, स्पिंडल वाहणारी कमान) घेण्यावाचून गत्यंतर नाही. लहान आणि अचूक धातूकाम मुख्य असेल तर गँट्री पक्की ठेवून टेबल सरकवणारी रचना अधिक ताठ होते, मात्र ६०० मिमी सरकणाऱ्या टेबलासाठी सुमारे त्याच्या दुप्पट लांबीची जागा लागते. गँट्रीखालची मोकळी उंची वाढवण्याचा मोह आवरावा. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेली २०० मिमी उंची रोजच्या १८ मिमी फळीच्या कामातही आड येते, कारण कटरचे टोक बेअरिंगपासून तितके दूर लोंबकळत राहते; एका टोकाला धरलेली दांडी दुप्पट लांब केली की तेवढ्याच जोराने ती आठपट वाकते.

खरी मेख असते ती सांगाड्यात. पोलाद त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ असते. उभ्या पट्टीची उंची दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, पण गँट्री नुसती वाकत नाही, ती पिळतेही, आणि अशा पिळवटण्याला बंद चौकोनी पाइप एका बाजूने उघड्या चॅनेलपेक्षा कितीतरी अधिक विरोध करतो. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) स्वस्त आणि कापायला सोपा असला तरी हवेतील ओलाव्याने फुगतो, म्हणून तो फक्त टेबलावरच्या बदलत्या थरासाठी वापरावा. वेल्डिंग केलेली चौकट थंड होताना ओढली जाते. तिच्यावर रेल (सरकत्या भागांचे रूळ) थेट बसवू नयेत, तर बसण्याची जागा आधी मशिनिंग करून किंवा पातळ इपॉक्सी राळ ओतून सपाट करून घ्यावी.

रेलच्या बाबतीत, संपूर्ण लांबीभर आधार असलेली गोल दांडी लाकडापुरती चालते. ॲल्युमिनियमसाठी चौकोनी छेदाची लिनिअर रेल घ्यावी. १६ मिमी व्यासाचा आणि फेरीला ५ मिमी सरकणारा बॉलस्क्रू (मोटरच्या फेऱ्यांचे सरळ सरकण्यात रूपांतर करणारा, नटमध्ये गोळ्या असलेला स्क्रू) धातूला योग्य आहे, पण वर काढलेला लाकडाचा ३,६०० मिमीचा वेग गाठायला तो मिनिटाला ७२० फेऱ्यांनी फिरवावा लागतो आणि त्या वेगाला स्टेपर मोटरचा (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरचा) पीळ बराच ओसरलेला असतो. फेरीला १० मिमी सरकणाऱ्या स्क्रूला ३६० फेऱ्या पुरतात, म्हणून मिश्र कामासाठी मी तोच निवडेन. मोटरच्या नावातील ‘नेमा २३’ हा आकडा केवळ तोंडाचे माप सांगतो, ताकद नव्हे. ताकदीसाठी पीळ आणि वेग यांचा आलेख पाहावा.

विद्युत भागात दोन गोष्टींवर तडजोड नको. आपत्कालीन बटणाने स्पिंडल आणि मोटर ड्रायव्हर यांचा पुरवठा प्रत्यक्ष तोडला पाहिजे, केवळ सॉफ्टवेअरला निरोप देणे पुरेसे नाही. सीमा-स्विच (सरकता भाग टोकाला पोहोचल्यावर यंत्र थांबवणारे) एरवी जोडलेल्या स्थितीत राहणारे असावेत, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते. स्पिंडलच्या केबलला शिल्ड (धातूचे आवरण) असावी, ती सिग्नलच्या तारांपासून दूर न्यावी आणि सांगाड्याला अर्थिंग द्यावे.

लाकूड आणि धातू एकाच टेबलावर येतात तेव्हा आगीचा धोकाही येतो. पोलादाची तापलेली चिप भुशाने भरलेल्या व्हॅक्यूमच्या टाकीत गेली तर भुसा आत धुमसत राहतो आणि बऱ्याच वेळाने पेट घेऊ शकतो. पोलादाच्या कामाला ते व्हॅक्यूम जोडूच नये. काम बदलताना टेबल आणि कोपरे स्वच्छ करावेत.

जोडणी करताना आधी एक रेल सरळ करून पक्की करावी, दुसरी डायल गेजने (सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणाऱ्या मापकाने) तिच्याशी समांतर करावी आणि दोन्ही कर्णांची मापे जुळेपर्यंत गँट्रीचे बोल्ट पूर्ण आवळू नयेत. मग डायल गेजचा पाया टेबलावर ठेवून त्याची सुई स्पिंडलच्या टोकाला टेकवावी आणि स्पिंडल हाताने ढकलून पाहावा. सुई हलली आणि हात काढल्यावर जागेवर आली नाही, तर कुठेतरी बोल्ट सैल आहे किंवा नटमध्ये झोल आहे. हलून परत आली, तर सांगाडा लवचीक आहे. अशा वेळी गेज स्पिंडलपासून झेडच्या (उभ्या अक्षाच्या) प्लेटवर, तिथून गँट्रीवर आणि मग खांबांवर असा सरकवत नेला की जिथे सुईची हालचाल एकदम कमी होते, त्याच्या लगतच्या, स्पिंडलकडच्या जोडाला आडवा आधार द्यावा.