चौघांचं विमान तिकीट काढताय? आधी एकासाठी शोधा

इकॉनॉमीतल्या खुर्च्या सारख्याच, पण विमान कंपनी त्या एका भावाने विकत नाही. त्यांचे गट पाडते आणि प्रत्येक गटाला वेगळं भाडं लावते. स्वस्त गट भरला की पुढचा, महाग गट सुरू. तासाभरात भाडं वाढलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

यातली मेख कुटुंबांना नडते. समजा, पुणे–दिल्लीला ४,२०० रुपयांच्या गटात दोनच जागा उरल्यात आणि पुढचा गट ५,१०० चा आहे. चौघांसाठी शोधलंत की यंत्रणा सहसा चारही जागा एकाच गटातून काढते: २०,४००. दोन-दोन करून घेतलीत तर ८,४०० अधिक १०,२००, म्हणजे १८,६००.

म्हणून प्रवासी आधी १ ठेवा, मग २, ३, ४ करत माणशी भाडं बघा. जिथे ते उडी मारेल तिथे बुकिंग तोडा. स्वस्त जागा आधी घ्या आणि दुसरं बुकिंग लगेच उरका. प्रत्येक पीएनआरमध्ये एक तरी मोठं माणूस हवंच. विमान रद्द झालं तर दोन पीएनआरना वेगवेगळी विमानं मिळू शकतात. त्यामुळे फरक शे-दोनशेचा असेल तर या फंदात पडू नये.

तुलना पहिल्या पानावरच्या आकड्याची नको, पैसे भरायच्या पानावरच्या आकड्याची करा. ‘लाइट’ भाड्यात चेक-इन सामान नसतं. बॅग ऐनवेळी काउंटरवर दिलीत तर आधी ऑनलाइन घेण्यापेक्षा महाग पडते. सीट निवडायचं पान बहुधा वगळता येतं. कन्व्हिनियन्स फी माणशी लागते आणि सहसा परत मिळत नाही.

गोव्याला जाताना दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळ तपासा. हरमल, सावंतवाडी, वेंगुर्ल्यासाठी मोपा सोयीचं. मडगाव, कोलव्यासाठी दाबोळी. मोपाला उतरून पार दक्षिणेतल्या काणकोणला टॅक्सी केलीत तर तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या खिशात.

आणि ‘नॉन-रिफंडेबल’ वाचून तिकीट तसंच सोडून देऊ नका. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) परत द्यावंच लागतं, अगदी तुम्ही विमानतळावर पोचलाच नाहीत तरी. तिकीट एजंटकडून घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.